येताना थांबू

मिशिगनमधल्या झीलंड गावात हार्लन डायकेमाइतका नाकासमोर चालणारा माणूस शोधून सापडला नसता. खुर्च्यांच्या कारखान्यात जन्म काढला, रविवारचं चर्च चुकवलं नाही, खोटं बोलला नाही. पण गाडीत बसला की या शहाण्याला एकच भूत लागायचं, लवकर पोचायचं. बायको, विल्मा, म्हणायची, "हार्लन, अरे फलक बघ, इथनं सरोवर दिसतं. थांब ना जरा." हा खिशातली पेपरमिंटची गोळी तिच्या हातावर ठेवायचा. "येताना थांबू." येताना कधी अंधार पडलेला असायचा, कधी दुसराच रस्ता.

लग्नानंतरच्या पहिल्या सहलीत तेवढा थांबला होता. वाळूच्या डोंगराच्या कडेवर एकटं कॉटनवूडचं झाड, खाली मिशिगन सरोवर. विल्माला झाडापर्यंत चालत जायचं होतं. तेही येतानावर गेलं.

पुढं त्यानं कॅम्पर घेतला, म्हणजे चाकांवरचं घरच, आत चूल, पलंग, सगळं. आणि ठेवला ताडपत्रीखाली झाकून! निवृत्त झाल्यावर वापरू, तोवर कशाला खराब करायचा? दर वसंतात धुवायचा, पुन्हा झाकायचा. "लोणचं घालायचंय का त्याचं?" शेजारी विचारायचा. निवृत्तीही लांबत गेली, आणि मग विल्माच्या डोळ्यांनी दगा दिला. नजरेच्या मधोमध काळोख, कडेला नुसतं धूसर. गेलेली नजर परत येत नाही, डॉक्टरांनी सांगून टाकलं. तेव्हा कुठं ताडपत्री निघाली.

जूनमधल्या त्या दुपारी पान हलत नव्हतं. हार्लननं तिला हाताला धरून त्याच वाळूच्या डोंगराच्या कडेवरच्या लाकडी सज्ज्यात आणलं.

"सांग, काय दिसतंय?"

"पाणी."

"आणखी?"

"वाळू."

विल्मा हसली. "वा! एवढं सांगायला तू कशाला हवास?" मग हळूच विचारलं, "आणि आपलं झाड?"

हार्लननं आधीच पाहिलं होतं. वाळू सरकली होती, कड ढासळली होती. झाडाच्या जागी नुसतं आभाळ होतं.

"आहे," तो म्हणाला.

"पानं हलतायत?"

"हलतायत की. छान सळसळतायत."

विल्मानं गाल सरोवराकडं वळवला. "आज वारा कुठाय, हार्लन?" ती म्हणाली. "जन्मात एकदा खोटं बोललास, तेही धड जमलं नाही तुला."

तिनं रागावून बोलायला हवं होतं. ती रागावली नाही, हेच त्याला जास्त लागलं. एवढी वर्षं हिच्या डोळ्यांत उजेड होता आणि आपण पोचायची घाई करत होतो! कुठं पोचलो? कारखान्यात, चर्चमध्ये आणि घरी.

निघाल्यावर त्यानं गाडी मुंगीच्या पावलानं चालवली. मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या, वाजवोत बापड्या. पुढच्या वळणावर फलक दिसताच त्यानं कॅम्पर बाजूला घेतला, इंजिन बंद केलं, उतरून तिच्या बाजूचं दार उघडलं.

"चल, विल्मा. इथनं बेटं दिसतात. या वेळी नीट सांगतो, सगळं सांगतो."

विल्मानं पट्टा सोडला नाही. हातानं चाचपत त्याचा खिसा शोधला, पेपरमिंटची एक गोळी काढली आणि त्याच्याच तळहातावर ठेवली.

"दमले रे," ती म्हणाली. "राहू दे आता. येताना थांबू."