लवकर तापणारं मशीन

परभणीत माझं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. सुका पाला तापवून त्याची वाफ ओढायचं, खिशात मावणारं एक मशीन मी ठेवतो. राणीसावरगावच्या एका काकांनी ते माझ्याकडूनच नेलंय. त्यात ते अडुळसा आणि ओवा घालतात.

त्याचं नवं मॉडेल आल्यापासून परभणीला आले की काका दुकानात डोकावतातच. स्टुलावर बसतात, टोपी काढून मांडीवर ठेवतात आणि बैल पारखावा तसं ते मशीन खालून-वरून बघतात. मग "हरकत न्हाई" म्हणून परत देतात. त्यांचं 'हरकत न्हाई' म्हणजे होकार की नकार, हे मला कधीच कळलं नाही.

परवा मात्र त्यांनी विचारलं, "ह्याच्यात नवं काय हाय?"

"काका, जुनं तापायला लय वेळ घेतं. ह्याचं बटण दाबलं की झालं."

"लगेच?"

"लगेच."

त्यांनी मशीन काउंटरवर ठेवलं आणि टोपी चढवली.

"मग न्हाई जमायचं. जुनं तापस्तोर आमची कारभारीण जवळ येऊन बसती. एरवी तिला फुरसत कुठं हाय? तेवढंच बोलणं होतं आमचं."

मी नवं मशीन खोक्यात घातलं. विक्री बुडाली, पण का कोण जाणे, बरं वाटत होतं.

पायरी उतरलेले काका परत आले. जुन्या मशीनची बॅटरी आता टिकत नव्हती, म्हणून ते प्लगला लावूनच वापरायला त्यांना वायर हवी होती.

"जरा लांब द्या," ते म्हणाले, "चुलीपस्तोर पोचंल अशी."