बंडीतले डॉलर आणि माझं कार्ड

बियाणं विकणाऱ्या कंपन्या आपल्या दुकानदारांना कुठं ना कुठं फिरायला नेत असतात. ज्याचा माल जास्त खपला त्याचं तिकीट फुकट. कनेरगाव नाक्यावर आमचं कृषी सेवा केंद्र आहे आणि त्या वर्षी यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, नंबर बँकॉकला लागला. या सहलींना बायका जात नाहीत. का जात नाहीत ते सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही. मी सांगून टाकलं की मीपण येणार आणि माझ्या तिकिटाचं माझं मी बघणार.

मी अंगणवाडी सेविका आहे. मानधन माझ्या खात्यात जमा होतं, पण त्या खात्याचं एटीएम कार्ड पहिल्यापासून दुकानाच्या गल्ल्यात. लागतील तसे पैसे मी मागायचे आणि हे द्यायचे. कधी नाही म्हणाले असं नाही. मागावं मात्र लागायचं. तिकिटाचे पैसेही असे मागूनच मिळाले. म्हणून मी मनाशी ठरवलं होतं, निदान परदेशात तरी माझ्या हातात माझे पैसे असतील.

पासपोर्ट आले आणि खरी लढाई सुरू झाली, खर्चाचे पैसे न्यायचे कसे याची. यांचं ठरलेलंच होतं. नांदेडला जाऊन डॉलर घ्यायचे आणि सगळेच्या सगळे बंडीच्या आतल्या खिशात ठेवायचे. हळद विकायला हिंगोलीच्या मोंढ्यात जाताना हे ती बंडी घालतात, आतून चेनचा खिसा शिवलेली. मोंढ्याच्या एवढ्या गर्दीतही त्या खिशातून आजवर एक रुपया गेला नाही, हे आम्हाला येता-जाता ऐकवलं जातं.

पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीनं फोनवर वेगळंच सांगितलं. बँकेत परदेशासाठी एक कार्ड मिळतं, आधी पैसे भरून ठेवायचे, तिथल्या मशीनमधून तिथल्याच नोटा निघतात. हरवलं तर एका फोनवर बंद होतं. सगळे पैसे एका जागी ठेवू नका, असंही तिनं बजावलं.

जेवताना मी विषय काढला.

"कार्ड कोनाच्या नावावर?" यांनी विचारलं.

"माझ्या."

यांचा घास हातातच राहिला. "तुला काहून पायजे? मी हाय ना संगं."

"माझ्या मानधनातून घेते. तुमच्या पैशाला हात लावत न्हाई."

"आपल्यात तुझं-माझं कधीपासून झालं?"

आता याला काय म्हणावं? माझं कार्ड यांच्या कुलपात आणि वर हा प्रश्न. मी भाकरी पुढं सरकवली आणि गप्प बसले. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, त्यामुळे घराला ते फार जड गेलं. हे दुकानातून यायचे आणि ताटाकडं बघून जेवायचे. मी वाढायची, पण 'अजून घ्या' म्हणायची नाही. आठवडाभर घरात फक्त टीव्ही बोलत होता.

शेवटी एका सकाळी यांनी माझं एटीएम कार्ड माझ्यापुढं टाकलं. "घे, कर हौस. मशीननं गिळलं त मला तकलीफ देऊ नको."

मला आनंद झाला आणि लगेच भीती वाटली. जन्मात कधी मी मशीनमधून पैसे काढले नव्हते. बँकेत जाऊन मी परदेशाच्या कार्डाचा अर्ज दिला, मानधनातले साठलेले पैसे भरले आणि गुप्त नंबर पाठ करत बसले, अंगणवाडीतली लेकरं उजळणी घोकतात तशी. हे कार्ड तिथं चाललं नाही तर आयुष्यभर ऐकून घ्यावं लागलं असतं. पुन्हा काही माझ्या हातात द्या म्हणायला तोंड राहिलं नसतं. तो विचार आला की भाजी चिरताना सुरी थांबायची.

इकडं यांचे डॉलर आले. देणाऱ्यानं बजावलं होतं, नोटेवर काही लिहू नका, दुमडू नका, तिथं कोरी नोटच चालते. यांनी मान डोलावली होती. निघायच्या दिवशी सकाळी अंघोळ करून हे देवापुढं बसले आणि सगळ्या नोटा पाटावर मांडल्या. आमच्याकडं घरात नवं काही आलं की त्याला हळदकुंकू लागतं. ट्रॅक्टरला लागलं, फ्रीजला लागलं, माझ्या मिक्सरलासुद्धा लागलं. मग परदेशातल्या लक्ष्मीला कसं लागणार नाही? घरची हळद पाण्यात कालवून यांनी एकेका नोटेवर बोट टेकवलं, वर कुंकू लावलं. मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. माझं कार्ड पर्सच्या तळाशी गेलं होतं म्हणून वाचलं, एवढंच.

बँकॉकला राहणं-खाणं कंपनीचं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे बाजारात सुटले. पैसे बदलून देणाऱ्या पहिल्याच खिडकीत यांनी बंडीतून नोटा काढून सरकवल्या. आतल्या पोरीनं एक नोट उजेडात धरली, अंगठ्यानं घासली आणि परत सरकवली. दुसरीचंही तेच. तिनं पिवळ्या डागावर बोट ठेवलं.

"हल्दी है," हे म्हणाले. "पूजा का है."

पोरगी हसली आणि मान हलवली. पुढच्या खिडकीतही तेच झालं. तिसऱ्या खिडकीपाशी यांनी रुमाल ओला करून डाग पुसायला घेतला. हिंगोलीची हळद ती. डाग जायचा सोडून नोटभर पसरला.

यांचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. "लिहू नका म्हणला होता त्यो," हे मला सांगत होते. "मी कुठं लिहिलं?" ते अगदी मनापासून विचारत होते, म्हणून मला हसू आलं नाही. रस्त्यापलीकडं आमच्यातलेच दुकानदार बॅगा घासाघीस करून घेत होते. "त्यांना कळू देऊ नको," हे हळूच म्हणाले.

आता राहिलं फक्त माझं कार्ड. कोपऱ्यावरच्या मशीनपुढं जाऊन उभी राहिले. पडद्यावर इंग्रजी अक्षरं होती, ती एकेक जुळवून वाचली. नंबर दाबताना एक आकडा चुकला असंच वाटलं. मशीन घरघरायला लागलं आणि थांबेचना. हे इतके जवळ उभे होते की यांचा श्वास कानाला लागत होता.

"गिळलं का?" यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. हेपण घाबरले होते.

मग कार्ड बाहेर आलं, आणि त्यामागून नोटा. मी त्या पर्समध्ये ठेवल्या. हे हात पुढं करतील असं वाटलं होतं. केला नाही. आम्ही बाजारातून चालत राहिलो.

ऊन मरणाचं होतं. एका गाडीवर बर्फात ठेवलेली शहाळी दिसली तसे हे रेंगाळले. गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, माझ्या पर्सकडं बघितलं.

"एक नारळपानी घेऊ का गं?"

मला जिंकल्यासारखं वाटायला पाहिजे होतं, पण काळजात चर्रर्र झालं. खालच्या पट्टीतला, आधीच थोडी माघार घेतलेला, नाही म्हटलं तरी चालेल असा तो आवाज मी ओळखला. तो माझा होता. साडी असो, माहेरी जाणं असो, मी इतकी वर्षं अशीच विचारत होते आणि समजत होते की आपण फार ठणकावून बोलतो. माझे डोळे भरून आले आणि मला रागही आला, कुणाचा ते तेव्हा सांगता आलं नसतं.

पर्समधल्या थोड्या नोटा काढून मी यांच्या हातात दिल्या. "घ्या. आन् मला असं इचारू नका."

यांनी दोन शहाळी घेतली आणि उरलेले पैसे तसेच माझ्यापुढं धरले.

"राहू द्या तुमच्याजवळ," मी म्हटलं.

मला असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.