शालूताईंचा तळहात

कार्यालयात आल्यावर शालूताई पर्ससुद्धा खाली ठेवत नसत. आधी कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात टेकवत, मग भीतभीत बटण दाबत. आम्ही ‘ताईंची पूजा’ म्हणून चिडवायचो. ताई म्हणत, “हसा, हसा. ज्या दिन तो उठाव नही, त्या दिन रडशात.”

नंदुरबारच्या आमच्या कार्यालयात नवी प्रणाली आली, पण डोंगरातल्या गावांच्या जुन्या जन्मनोंदी तिच्यात गेल्याच नाहीत. त्या फक्त या डब्यात. दोन इंजिनियर बघून गेले. म्हणाले, “काढता येतील, पण काढताना बंद पडला तर जबाबदारी कोणाची?” त्यावर सही करायला साहेबही तयार होईनात. नोंदी तिथेच राहिल्या. मिरचीच्या हंगामात बाजारातला तिखट धुरळा पंख्यात जायचा, म्हणून ताई खिडकीला ओलं फडकं बांधत आणि स्वतः खोकत बसत.

एकदा डोंगरातल्या मोलगी गावची एक मुलगी वडिलांबरोबर आली. नर्सिंगच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस, हवा होता जन्मदाखला. नेमका डबा काळा पडदा दाखवून गप्प बसला. “मॅडम, कॉलेजवाले पाचपर्यंतच थांबतील,” एवढंच ती सारखी म्हणत होती. ताईंनी तिला पाणी दिलं. “बस बेटी. तो उठस, पन त्याले घाई चालत नही.” आणि स्वतः डब्यावर तळहात टेकवून उभ्या राहिल्या. दुपारी उशिरा पडदा उजळला, दाखला निघाला, मुलगी रिक्षाकडे पळाली. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि ताई डोळे पुसत म्हणाल्या, “एकीनं काम व्हयनं. बाकी लोकस्नं काय?”

निवृत्त होऊन ताई मुलाकडे सुरतला गेल्या, पण कार्यालय उघडलं की रोज फोन यायचा. “उठना का?” मी म्हणायचो, “उठला, ताई.” मग त्या निवांत चहा घ्यायच्या म्हणे.

काल मी तीनदा बटण दाबलं. पंखासुद्धा फिरला नाही. दाखल्यासाठी आलेली माणसं बघत होती. तेवढ्यात फोन वाजला.

“उठना का?”

मी फोन डब्याजवळ धरून चौथ्यांदा बटण दाबलं, पंख्याचा आवाज आलाच नाही. ताईंनी विचारलं, “बाकवर कोन बसेल शे?”

“मोलगीकडची दोन घरं, ताई. लेकरं घेऊन आलीत.”

“त्यास्ले पानी दे,” ताई खोकत म्हणाल्या. “मी गाडी धरस.”