हजेरीचं आम्ही पाहून घेऊ

जून महिन्यात उमरेडच्या बसस्टँडवर प्रवासी कमी आणि प्राध्यापक जास्त असतात. हे मी वाढवून सांगत नाही. वाढवून सांगायचं असतं तर म्हटलं असतं की कंडक्टरही एमए होता, आणि एकदा तो निघालाही. बारावीचा निकाल लागला की नागपूरच्या कॉलेजांतले कला शाखेचे मास्तर खेडोपाडी सुटतात. कुणाच्या पिशवीत माहितीपत्रकं, कुणाच्या तोंडात बसच्या पासचं आश्वासन. विषयाला पोरं मिळाली नाहीत तर विषय बंद, आणि विषय बंद तर मास्तर अतिरिक्त. अतिरिक्त हा सरकारी शब्द आहे. घरात जुना कूलर असतो ना, फेकवतही नाही आणि खिडकीत लावताही येत नाही, तसा माणूस.

माझा विषय तत्त्वज्ञान. तो इतका लोकप्रिय होता की मागच्या वर्षी माझ्या वर्गात विद्यार्थ्यांपेक्षा पंखे जास्त होते, आणि त्यातलाही एकच फिरत होता. यंदा प्राचार्यांनी बोलावून सांगितलं की प्रथम वर्षाला पोरं आणा, नाहीतर विभागाला कुलूप. मला वाटलं, आत काहीतरी होईल. राग येईल, भीती वाटेल, निदान अॅसिडिटी. काही नाही. ‘बरं’ म्हणालो आणि कॅन्टीनमध्ये जाऊन तर्री-पोहे खाल्ले. एवढा बधिर झालो होतो की तर्री तिखट आहे हे शेजारच्याच्या डोळ्यांतलं पाणी पाहून कळलं.

माझ्या जोडीला भूगोलाचे सर होते. त्यांचा सल्ला असा की माझ्या विषयाचं नाव अगदी शेवटी घ्यायचं, पोरगं आणि बाप दोघंही चहा प्यायल्यावर. त्याआधी मी माझी गोष्ट सांगायची. माझा एक विद्यार्थी मुलाखतीला गेला, साहेबांनी विचारलं की समोरचं टेबल खरंच आहे हे कशावरून, आणि त्यानं असं काही उत्तर दिलं की तिन्ही साहेब उभे राहिले आणि त्यालाच खुर्ची दिली. पहिल्या वर्षी हा विद्यार्थी तलाठी होता. मग मी त्याला तहसीलदार केलं. यंदा तो कलेक्टर झाला होता. बढती सेवाज्येष्ठतेनेच दिली, वशिला नाही.

आणि एवढ्यावरही बाप डळमळला, तर शेवटचं हत्यार: ‘हजेरीचं आम्ही पाहून घेऊ.’ म्हणजे पोरानं यायचं नाही. नाव आमच्याकडे, पोरगं त्याच्या कामावर, परीक्षेला तेवढं तोंड दाखवायचं. सगळीच कॉलेजं हे सांगतात. हलवायानं म्हणावं की पेढे घेऊन जा, खावे लागणार नाहीत, तसं हे आहे. पण या वाक्याला आजवर कुणी नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

उमरेडच्या पुढं एका वस्तीत गेलो. ऊन असं होतं की माझी चप्पल डांबरात राहिली आणि मी चार पावलं तसाच पुढं गेलो. घर कोळशाच्या खाणीत डंपर चालवणाऱ्या माणसाचं. पहिली पाळी करून, आंघोळ करून खाटेवर बसले होते. त्यांची मुलगी कला शाखेतून बारावी झालेली. दाराशी शिलाई मशीन, तिच्यावर अर्धं ब्लाऊज. चहा उकळेपर्यंत त्या मुलीला आईनं मागून हाक मारली, बापानं टॉवेल मागितला, शेजारणीनं हुक लावायला काही आणून दिलं, परत आईनं हाक मारली. मी त्या घरात बराच वेळ होतो, पण ती बसलेली मी पाहिली नाही.

मी कलेक्टरची गोष्ट सांगितली. बापानं शांतपणे ऐकून घेतली.

“सकाळी एक सर येऊन गेले,” ते म्हणाले. “त्यांचाही विद्यार्थी कलेक्टरच होता. काल आलेल्या दोघायचा बी. इतके तं जिल्हे बी नाईत, सर.”

भूगोलाच्या सरांनी हा हिशोब बरोबर असल्याची मान हलवली. मग मी हत्यार काढलं. म्हटलं, भाऊ, हजेरीचं आम्ही पाहून घेऊ. तिला यायची गरज नाही. मशीन चालू राहील, घर चालू राहील, वर बीए होऊन जाईल. बाप मोकळे झाले. हे जमते, म्हणाले. भूगोलाच्या सरांनी पेनचं टोपण काढलंसुद्धा.

मुलगी चहा घेऊन आली होती. ताट हातात तसंच.

“मंग मी येतच नाई?” तिनं विचारलं.

मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, एकही दिवस नाही.

“घरीच राहायचं हाये तं मले कॉलेज नाई पाहिजे.”

“काहून वं?” बाप म्हणाले. “घरबसल्या बीए होऊन राहिली, अन् नाई म्हणते.”

“बीएचं मी काय करू, बाबा? मले जायचं हाये.”

“जाऊन करशीन काय?”

“बसीन.”

चहा सगळ्यांना दिला आणि ती मशीनपाशी उभी राहिली.

मी दरवर्षी पेपरात ‘शिक्षणाचे प्रयोजन स्पष्ट करा’ असा प्रश्न काढतो. पोरं लिहितात, सर्वांगीण विकास, चारित्र्यघडण, सुजाण नागरिक. मी पानं पाहून गुण देतो. कुणी ‘बसणे’ असं लिहिलं असतं तर मी त्याला भोपळा दिला असता आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं असतं. पण खरं विचाराल तर मी स्वतः कॉलेजात वेगळं काय केलं? घरी सायकलचं दुकान होतं, शुद्धीवर असलेल्या प्रत्येक माणसाच्या हाती पंप. कॉलेजात मात्र एका दुपारी मी ग्रंथालयात एकच पान उघडून संध्याकाळपर्यंत बसलो. कुणी म्हटलं नाही, हवा भर. त्या पानावर काय होतं ते गेलं डोक्यातून. ती दुपार आहे अजून. तिच्यावर मला नोकरी मिळाली नाही, नोकरी मिळाली ती काकांच्या ओळखीनं.

मी पलटी मारली. म्हटलं, भाऊ, मी सवयीनं बोलून गेलो, ते बाकीच्या विषयांचं. तत्त्वज्ञानाला रोज यावं लागतं. दारावर अंगठ्याचं मशीन आहे. एक दिवस अंगठा लागला नाही तर थेट मंत्रालयात घंटी वाजते. भूगोलाच्या सरांनी खाटेखाली माझा पाय असा दाबला की त्याचा नकाशा व्हायचाच बाकी होता.

बाप हसले नाहीत. “सकाळचे सर म्हणे, यायचं काम नाई. तुमी म्हणता, रोज या. मंग तुमच्याकडेच काहून पाठवू? रोज येऊन तिले भेटन काय?”

कलेक्टर पुन्हा जिभेवर आला होता. तिथंच राहिला.

“काही नाही भेटणार, भाऊ,” मी म्हणालो. “दोन-तीन तास बसेल. तेवढ्यात तिला कुणी हाक मारणार नाही.”

स्टँडवर गाडी उशिरा असल्याचं सांगतात, त्या आवाजात मी हे बोललो. आत काही हललं नव्हतं. बाप माझ्याकडे पाहत राहिले.

“मले बी घ्या मंग,” ते म्हणाले.

तेवढ्यात दारातून शेजारीण ओरडली की ब्लाऊज झालं काय वं. मुलगी जागची हलली नाही, उत्तरही दिलं नाही. बापानं तिच्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं. मग आम्हाला म्हणाले, “पाहू.”

आमच्याकडे ‘पाहू’ म्हणजे नाही, हे भूगोलाच्या सरांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. परतीच्या बसमध्ये ते म्हणाले की तुम्ही स्वतःला बुडवलं ते ठीक, पण हातात आलेलं नाव कुणी सोडतं का? मी खिडकीबाहेर पाहत होतो. कोळशाचे ट्रक जात होते. सरांचंही बरोबर होतं.

जुलैत ती आली. बाप सोबत होते, पांढरा शर्ट घालून. त्यांच्या अटी होत्या, संध्याकाळच्या गाडीनं घरी, आणि परत आल्यावर ब्लाऊजं शिवायची. जाताना मला म्हणाले, रोज पाठवतो, तुमीच सांगतलं म्हणून. अंगठ्याचं मशीन कुठं आहे, हे त्यांनी विचारलं नाही. मी दुरुस्तीला गेल्याचं सांगायच्या तयारीत होतो.

पण तत्त्वज्ञानाला ती एकटीच निघाली. एका विद्यार्थिनीवर विभाग चालत नाही. कुलूप लागलं. मी अतिरिक्त झालो, पुढची जागा ठरेपर्यंत स्टाफरूममध्ये बसायचं. कुलूप लावताना शिपायानं विचारलं, सर, आत काही राहिलं का? मी नाही म्हणालो. तिचं नाव इतिहासाला टाकलं होतं आणि हे तिला सांगायचं काम माझ्याकडे आलं.

वाचनकक्षात सापडली. खिडकीशेजारी, समोर पुस्तक उघडं, दोन्ही कोपरं टेबलावर. वाचत नव्हती. बाहेर दवाखान्यांच्या धंतोलीकडे जाणाऱ्या अँब्युलन्सचा आवाज येऊन गेला, तिनं मान वर केली नाही. मी दारातच थांबलो. आत काही वाटतंय का ते चाचपून पाहिलं. गुडघे दुखत होते, तेवढं कळलं. दुपार कलेपर्यंत दारातल्या स्टुलावर बसलो.

गाडीची वेळ झाली तशी ती बाहेर आली. मी सांगितलं की विषय बंद झाला, तुझं नाव इतिहासाला आहे.

तिनं पर्सची चेन लावली. मग विचारलं, “इतिहासाले बी रोज यावं लागते?”

“लागतं.”

“मंग बाबाले एकडाव सांगून देजा, सर. नाई तं ते म्हणतीन, बंदच झालं.”

मी तिथंच उभ्यानं फोन लावला. म्हटलं, भाऊ, विषय बदलला. इतिहास तत्त्वज्ञानापेक्षा कडक आहे. कधीकधी रविवारीही बोलावतात.

“रविवारी बी?”

“एखाद्या रविवारी.”

पलीकडून डंपरची घरघर येत होती. ती मुलगी पर्स छातीशी धरून माझ्या तोंडाकडे पाहत होती.

“बरं,” ते म्हणाले.