भागी खोटी नव्हती

आमच्या वळ गावच्या शाळेत खिचडी शिजवणारी भागी तांदळाचं ताट नाकाशी धरून निवडायची. समोरून कुणी हसलं तरी तिचा चेहरा हलायचा नाही, म्हणून सगळे तिला घमेंडी समजत. मी त्याच शाळेत विज्ञान शिकवते. मीही तेच समजत होते, हे आधीच सांगून टाकते.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आठवीच्या मुलांनी दृष्टिदोषांवर एक आठवडा करायचं ठरवलं. सगळं मुलंच करणार, आम्ही नुसतं मागे उभं राहायचं. डोळ्यांवर पट्टी बांधून मैदानाला फेरी, पुठ्ठ्यावर टिकल्या चिकटवून ब्रेलची अक्षरं, प्लास्टिकला तेल फासून केलेले अंधुक चष्मे. शिवाय भिंतीवर तक्ता, त्यावर लहान होत गेलेली, वेगवेगळ्या बाजूंना वळवलेली इंग्रजी ई. अक्षराचे दात कोणत्या बाजूला आहेत ते वीस फुटांवरून हाताने दाखवायचं. तिसऱ्या दिवशी वर्गप्रमुख क्षितिजाने भागीला हात धरून रेघेवर उभं केलं.

“मावशी, सांगा. सगळ्यात वरचं अक्षर.”

“तक्ता कुठं हाय?” भागीने विचारलं.

मुलं खो खो हसली. क्षितिजा हसली नाही. ती भागीला एकेक पाऊल पुढे नेत गेली. चार फुटांवर पोचल्यावर भागीने हात उजवीकडे केला.

भिवंडीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी उणे नऊ नंबर सांगितला. चार दिवसांनी चष्मा आणायला मी आणि क्षितिजा तिच्यासोबत गेलो. चष्मा लावून भागी दुकानाच्या दारात उभी राहिली आणि समोरच्या पाटीवरचं एकेक अक्षर जोडत वाचू लागली. वाचून झाल्यावर पायरीवर बसली. मला वाटलं, आता रडेल.

“बाई, माजे डोले पयल्यापासून असेच हायत का?”

“लहानपणापासूनच असणार.”

“म्हणजे मी खोटी न्हवती,” ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. तिचा पाडा गणेशपुरीच्या पलीकडे, डोंगरात. तिथल्या शाळेत आमच्या शेजारच्या दापोडा गावचे केसरीनाथ गुरुजी होते. चौथीत एकदा त्यांनी तिला फळ्यावरचं वाचायला सांगितलं. तिला फळा नुसता काळा दिसत होता. गुरुजींनी तिला ओढत फळ्याशी नेलं, नाक टेकेपर्यंत. तिथून तिने घडाघडा वाचलं.

“वाचता येतं की! म्हणजे नाटक करत होतीस,” गुरुजी म्हणाले, आणि पट्टी तुटेपर्यंत तिला मारलं. त्या दिवसापासून सगळा पाडा तिला ‘नाटकी’ म्हणू लागला. गुरुजींनी तिच्या बापालाही बोलावून सांगितलं, पोरगी खोटारडी आहे. बापाने तिची शाळा सोडवली आणि वीटभट्टीवर नेलं.

“बा मेला तवा पन त्याला वाटत होता, माजी पोर खोटी हाय,” भागी म्हणाली. “मार मी इसरली असती बाई. ह्या न्हाय इसरनार.”

आठवडा संपला तरी त्याच विषयावर मुलांचं पथनाट्य बसत होतं. क्षितिजाने भागीची हकिकत त्यात घातली आणि लहान भागीचं काम स्वतः घेतलं. गुरुजी कोण होणार, यावर वाद चालू असताना भागी चुलीपुढून उठून आली. “गुरुजी मी होनार,” ती म्हणाली. “आनि पयला खेल दापोड्याला कराचा.”

मुख्याध्यापक घाबरले. केसरीनाथ गुरुजी निवृत्त होते, पण गावात वजन होतं, चार गाळे गोदामवाल्यांना भाड्याने दिलेले होते. नाटकात त्यांचं नाव येता कामा नये, असं मी भागीला बजावलं. तिने लगेच मान डोलावली. इतक्या लगेच की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

दापोड्याच्या देवळापुढे दुपारी चारला खेळ झाला. रस्त्यावर ट्रेलरची रांग लागलेली, त्यांचे ड्रायव्हरही खाली उतरून बघत होते. गुरुजी पुढच्या खुर्चीत होते. भागी नवऱ्याचा पांढरा सदरा आणि टोपी घालून आली. तिने खाकरून घसा साफ केला, पट्टी काखेत धरली, मान तिरकी करून म्हणाली, “काय गं महाराणी?” म्हातारी माणसं एकदम हसली. ती लकब गावाच्या ओळखीची होती. नाव घ्यायची गरजच पडली नाही. हसणं हळूहळू थांबलं आणि सगळे गुरुजींकडे बघू लागले.

खेळ संपल्यावर गुरुजी उठले. “ही बाई कोण आहे?”

भागीने टोपी काढली. “भागी. चौथी. पाड्यावरची शाला.”

“मला आठवत नाही. शेकडो पोरं शिकवली मी.”

“आठवत न्हाय? मग बसा. परत करून दाखवते.”

आणि तिने नि मुलांनी ते सगळं पुन्हा केलं. या वेळी कुणी हसलं नाही. फळ्याचा प्रसंग आला तेव्हा भागीने क्षितिजाला बाजूला केलं, मुलांच्या टेबलावरचा तेलकट अंधुक चष्मा उचलला आणि गुरुजींच्या डोळ्यांवर चढवला. का कोण जाणे, त्यांनी चढवू दिला. गावासमोर नाही म्हणायची लाज वाटली असेल.

“वाच,” भागी त्यांच्याच आवाजात म्हणाली.

“दिसत नाही.”

तिने दंड धरून त्यांना फळ्यापर्यंत नेलं. नाक टेकल्यावर गुरुजींनी अक्षरं ओळखली, अडखळत वाचली.

“वाचता येतं की! म्हणजे नाटक करत होतास. हात पुढं कर.”

मी पुढे व्हायला हवं होतं. सोबत मुलं होती, समोर सत्तरीचा माणूस होता. मी हलले नाही. गुरुजींनी हात पुढे केला, आणि भागीने पट्टी मारली. एकच, पण जोरात.

दुसऱ्या दिवशी गुरुजींचा मुलगा हितेश गाडी घेऊन शाळेत आला आणि भागीला काढा म्हणून ओरडून गेला. मुख्याध्यापकांनी तिला घरी बसवलं. तिच्या जागी यायला खिचडीचं काम असलेल्या बचत गटातली एकही बाई तयार झाली नाही. आठवीच्या मुलांनी आठवडाभर डबे आणले आणि आपल्यातले लहान वर्गांना वाढले. आठव्या दिवशी मुख्याध्यापकांनीच बोलावलं आणि भागी पुन्हा चुलीपुढे होती.

महिन्याभराने गुरुजी एकटे आले, साडी आणि पेढे घेऊन. भागीने त्यांना चुलीच्या खोलीत घेतलं नाही. उंबऱ्याबाहेरच उभं ठेवलं.

“चुकलं माझं,” ते म्हणाले. “आठवलं मला.”

“मना नका सांगू. मना ठावं हाय. पाड्यावर जाऊन सांगा. माजी आय हाय तिथं.”

ते पाड्यावर गेले. भागीने मला आणि क्षितिजाला मुद्दाम बरोबर घेतलं, गुरुजींनी शब्द गिळले तर साक्षीला कुणीतरी हवं म्हणून. अंगणात दहाबारा माणसं जमली. भागीची आई हौसा जमिनीवर बसलेली. गुरुजी उभे राहून म्हणाले, “तुमची पोरगी खोटं बोलत नव्हती. तिला दिसत नव्हतं. खोटं मी बोललो.”

“तिचा बाप हाय का आता ऐकाला?” हौसा म्हणाली, आणि आत निघून गेली.

परतताना मी भागीला विचारलं, “आता तरी माफ केलंस?”

“न्हाय.” ती सरळ समोर बघत होती. “बरा मातर लय वाटला. त्याचे पाय कापत होते, दिसला मना.”

वाटेत पाड्याची शाळा लागली. क्षितिजाला तिथल्या मुलांचे डोळे तपासायचे होते, म्हणून आम्ही थांबलो. पस्तिसांत दोघांना फळा दिसत नव्हता. त्यातल्या एका मुलीला मागच्या बाकावर बसवलेलं होतं. तिथले गुरुजी नवे, पंचविशीतले, म्हणाले, “ती जरा आळशी आहे हो.”

भागीने चष्मा पुसून परत लावला आणि त्यांचा चेहरा नीट न्याहाळला.

“गुरुजी,” ती म्हणाली, “तुमचा पूर्न नाव काय? आनि गाव कंचा?”