तोंडातली मिश्री

“थुंक! आदी तोंड धू, मग मालाला हात लाव.”

मालकीण सगळ्यांसमोर ओरडली. माझ्या कमरेची मिश्रीची डबी तिनं हिसकावून गटारात ओतली. शेडमध्ये डाळिंबं निवडणाऱ्या बाया हसल्या. माझे हात थरथरत होते.

“बगा, कशी हालतीया! तलफ आली म्हातारीला,” त्यातली एक म्हणाली.

तलफ होतीच. पण हात त्यानं हलत नव्हते. शेडमागं उसाचं वाळलेलं पाचट पेटवलं होतं. धूर आत येत होता.

डाळजहून लग्न होऊन सासरी आले, त्या वर्षी असाच धूर होता. एका वावरात पाचट पेटलेलं, शेजारी ऊस उभा. त्या उसात वावराच्या मालकानं मला पाडलं. हाच, ह्या शेडचा मालक, मालकिणीचा सासरा. आता त्याला सगळे आबा म्हणतात. शेडच्या दारात खुर्ची टाकून बसतो.

घरी येऊन सासूला सांगितलं. ती रडली नाही. मला मारलंही नाही. तव्यावर तंबाखू भाजली, पूड केली, माझ्या तळहातावर ठेवली.

“लाव दाताला. काळीज थाऱ्यावर येतंय. आन तोंड बी बंद ऱ्हातंय.”

दोन्ही खरं निघालं. हिरड्यांवरून बोट फिरलं की भीती खाली बसायची. आणि तोंडात मिश्री असली की बाईला बोलता येत नाही. मी गप्प राहिले. आधी सकाळी लावायची, मग धूर दिसला की, मग मागं चप्पल वाजली तरी. नवरा गेला, नातवंडं झाली. डबी सुटली नाही.

मालकिणीनं डबी ओतली त्या दिवशी मी नळावर गेले. खळखळून चूळ भरली. तोंड रिकामं झालं. तशीच परत आले.

“वैनीसाब, तोंड धुतलं. आता आयका. ह्या तुमच्या आबानं मला उसात पाडलं हुतं. तवापास्नं ही डबी हाय.”

हसणं थांबलं. आबा खाली बघत उठला आणि बाहेर गेला.

“म्हातारीचं डोस्कं फिरलंय,” मालकीण म्हणाली. “उद्यापास्नं येऊ नगं.”

पुढं दवाखान्यात गेले तेव्हा इंदापूरच्या डॉक्टरीणबाईनं विचारलं, “आजी, मिश्री कधी लावावीशी वाटते?” सोड म्हणणारे पुष्कळ भेटले होते. कधी, ते कुणी विचारलं नव्हतं. मी धुराचं सांगितलं. तिनं शिकवलं, धूर आला की पाय जमिनीवर रोवायचे, समोर दिसेल त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. बांध. बाभळ. शेळी. कधी जमतं. कधी बोट डबीत जातंच.

परवा शेडमध्ये कामाला जाणारी एक नवी सून माझ्या घरी आली.

“आजी, चिमूटभर मिश्री द्या. छातीत धडधडतंय.”

सासूनं मला दिली तशी मी दिली नाही.

“कुणी काय केलं, ते सांग आदी.”

ती उठायला लागली. मी तिला उठू दिलं नाही. बसून राहिले. तिचं तोंड मी बंद करणार नाही. माझंही आता बंद होणार नाही.

पाचट दर हंगामात पेटणार. दर वेळी मी मोठ्यानं सांगणार, त्या उसात मी होते.