माठावरचे पाच पेले

वामनराव गेल्याची बातमी मला बसच्या कंडक्टरने सांगितली. देवासहून इंदूरमार्गे धारला येणारी दुपारची गाडी आमच्या दुकानापुढच्या वळणावर जरा हळू होते. माझ्या पत्र्याच्या पेट्या हाच कंडक्टर टपावर टाकून देवासला पोचवायचा, त्यामुळे ओळख होती, आणि वामनरावांचं घरही त्याला ठाऊक होतं. दारात लोंबकळूनच तो म्हणाला, "भिया, वो तुम्हारे गिनतीवाले साब... शांत हो गए, परसों." आणि गाडी पुढे गेली. माझ्या हातात एका पेटीचं झाकण होतं. तीन कोपरे वळवून झाले होते, चौथा राहिला होता. मी तो वळवला आणि तो वाकडा गेला. समोर बाबूलाल बसला होता, माझा सगळ्यांत जुना कारागीर. एरवी असा कोपरा बघून त्याने मला दिवसभर चिडवलं असतं. त्या दिवशी त्याने झाकण माझ्या हातून काढून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "जाओ, चार की गाडी मिल जाएगी."

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. मी लिहिणारा माणूस नाही. कराडकडच्या एका खेड्यात पाचवीतून शाळा सुटली, पुढे इकडेतिकडे काम करून विशी उलटल्यावर मामांच्या पत्र्याच्या दुकानात धारला आलो आणि मामांच्या मागे ते दुकान माझ्या गळ्यात पडलं. पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय आता माझा हात कामावर बसत नाही.

मी वामनरावांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते दरबारचे कारकून होते. राजवाड्यात काही कार्य निघालं की बत्त्या दुरुस्त करायला, मांडव घालायला, शिवणकामाला कारागीर लागायचे. आणि गल्लीत कोणाकडे किती हात आहेत हे बघायला वामनराव यायचे. काळी टोपी, पायांत करकरणारा जोडा, बगलेत वही. दुकानाच्या पायरीखाली उन्हात उभे राहून विचारायचे, "ए पत्रेवाले, कितीजण आहात?" कोणी पाणी विचारलं तर मान हलवायचे. आमच्याकडचं पाणी ते घेत नसत. आणि त्यांनी काहीही विचारलं तरी आमच्या गल्लीचं उत्तर ठरलेलं असे : एकटाच आहे, साहेब. चार सांगितले तर चारही जाणार, आठ-आठ दिवस हातातलं काम पडून राहणार, आणि दुकानाचं गिऱ्हाईक तोवर दुसरीकडे वळणार. म्हणून ते कोपऱ्यावर दिसले की सगळ्यांच्या चपला उचलून पेट्यांमागे जायच्या आणि कारागीर परसदारी. मामांनी मला कात्री धरायला शिकवली त्याच्याआधी हे शिकवलं होतं. परमुलखातून आलेल्या माणसाच्या पोटात आधीच एक भीती असते, की उद्या कोणी विचारलं, तू इथला कोण, तर काय सांगायचं... त्यात ही भर.

मग संस्थानं विलीन झाली. दरबार मिटला, मध्य भारत झाला. बत्त्यांचं काम गेलं, पण पेट्यांचं वाढलं. कारण राजधानी सहा महिने ग्वाल्हेरला आणि सहा महिने इंदूरला, त्यामुळे कचेऱ्यांचे कागद आणि कारकुनांचे संसार सारखे हिंडते झाले. गिऱ्हाइकं दारात उभी आणि पत्रा मात्र मिळेना. तो परमिटावर गेला होता. वामनरावांना नव्या सरकारने उद्योग खात्यात घेतलं, तेही कच्च्या नोकरीवर. जुन्या संस्थानी माणसांपैकी कोणाला कायम करायचं हे वर ठरायचं होतं.

पंचवार्षिक योजनेची बोलणी चालली होती तेव्हाची गोष्ट. एका दुपारी वामनराव आमच्या पायरीशी आले. या वेळी त्यांनी जोडा काढला आणि ते आत आले. एका पालथ्या पेटीवर बसले, छापील फॉर्म काढला आणि म्हणाले, "सखारामपंत, तुमच्याकडे किती माणसं काम करतात?" दरबारच्या दिवसांत 'ए पत्रेवाले' म्हणणारा माणूस मला 'तुम्ही' म्हणत होता, त्याने मी जास्तच घाबरलो. त्यांनी समजावून सांगितलं. एकदा नाही, तीनदा. लहान धंदे मोडू नयेत म्हणून सरकार योजना करतंय, ज्याच्याकडे जेवढे हात त्याला त्या मानाने पत्रा मिळणार, तेव्हा खरा आकडा सांगा. मला एकच ऐकू येत होतं : मोजायला आलाय. चौघांच्या चपला पेट्यांमागे गेल्या होत्या, बाबूलाल मागच्या भिंतीला चिकटून उभा होता. मी म्हणालो, "एकटाच आहे, साहेब."

वामनरावांनी फॉर्म मांडीवर ठेवला. त्यांची नजर कोपऱ्यातल्या माठाकडे गेली. आमच्याकडे कामाला चार जातींचे चारजण, म्हणून ज्याचा त्याचा पेला वेगळा. पत्र्याच्या तुकड्यांतून आम्हीच केलेले, प्रत्येकाच्या कानाला वेगळी खूण. फळीवर ते ओळीने पालथे होते. त्यांनी बोटाने हवेतच मोजले. "चपला लपवल्यात," ते हळू म्हणाले, "पेले राहिले. पाच आहेत." मग त्यांनी फॉर्म पुन्हा उचलला. "पण बघितलेलं लिहायची मला परवानगी नाही. तुम्ही सांगाल ते लिहायचं आणि खाली तुमची सही घ्यायची. पुन्हा विचारतो, किती?"

मी पुन्हा म्हणालो, एक.

त्यांनी एक लिहिला. मी सही केली. गल्लीत सगळ्यांनी हेच केलं.

पत्र्याची परमिटं आली तेव्हा आमची पूर्ण गल्ली एकेकट्या माणसांची निघाली. माझ्या वाट्याचा पत्रा पहिल्या पंधरवड्यातच संपला. बाबूलाल सकाळी यायचा, ऐरण पुसायचा, बसून राहायचा. बाकीचे तिघं बदनावरकडे शेतात मजुरीला जायच्या गोष्टी करू लागले. आणि गल्ली वामनरावांना शिव्या देऊ लागली, की गिनतीवाल्याने घात केला, दरबारचा माणूस तो दरबारचाच. मी त्या बोलण्यात भर घातली नाही, एवढं म्हणू शकतो. पण थांबवलंही नाही. अशातच एकदा ते स्वतःच कोपऱ्यावरून येत होते. त्यांनी सगळं ऐकलं, आणि वळून न जाता तसेच समोरून गेले.

त्यानंतरच्या आठवड्यात ते पुन्हा दुकानोदुकानी फिरले आणि या वेळी लोकांनी खरे आकडे दिले. पण एक आकडा खोडून दुसरा लिहायचा तर पहिला खोटा कसा आला हे वर सांगावं लागणार होतं. चौकशीला इंदूरहून मोठे साहेब येणार असं कळलं. आदल्या दिवशी संध्याकाळी वामनराव माझ्याकडे आले. बाबूलाल आत होता म्हणून मला बाहेर बोलावलं. म्हणाले, "गल्लीत वाचता येणारा तू एक आहेस, तेव्हा साहेब तुलाच विचारतील. सांग, की पहिल्या वेळी मी दुकानात आलोच नव्हतो. कचेरीत बसून दरबारच्या जुन्या यादीवरून आकडे भरले आणि ते न दाखवताच सह्या नंतर गोळा केल्या. मी तसं लिहून दिलंय."

मला आधी समजलंच नाही. "पण तुम्ही आला होता."

"आलो होतो म्हटलंस, तर तुम्ही सगळ्यांनी खोट्यावर सह्या केल्यात. गल्लीची परमिटं जातील. नव्हतो आलो, तर एकच माणूस चुकला."

मी विचारलं, मग तुमचं काय होईल? ते म्हणाले, बघू. मग निघता निघता थांबले आणि म्हणाले, "वीस वर्षं तुमची माणसं मोजली ती न्यायला. एकदा द्यायला मोजतोय, सखाराम. ही गिनती बरोबर उतरली पाहिजे."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. वामनराव त्यांच्या मागे दोन पावलं उभे होते. साहेबांनी हिंदीत विचारलं, ये बाबू पहली बार आपकी दुकान पर आए थे कि नहीं? मी वामनरावांकडे पाहिलं नाही. मी माठाकडे पाहत होतो. मनात एक होतं, की खरं बोललो तर चौघं उद्यापासून घरी. आणि दुसरंही होतं, ते लिहायला इतकी वर्षं लागली : खरं बोललो तर माझं काय होईल... मी म्हणालो, "नहीं साब. नहीं आए थे." साहेबांनी काहीतरी टिपून घेतलं आणि वामनरावांना म्हणाले, शर्म आनी चाहिए. आणि पुढच्या दुकानाकडे निघाले.

वामनराव मागे राहिले. म्हणाले, "सखाराम, पाणी दे."

मी फळीपाशी गेलो आणि तिथेच अडलो. घरून मामींचं पितळी फुलपात्र आणू का, असं विचारलं. ते म्हणाले, "इथल्याच पेल्यात दे."

"कोणाच्या?"

"तुझ्या."

ते पायरीवर उभे राहून पाणी प्यायले. वरून ओतून नाही, ओठ लावून. पेला माझ्या हातात दिला आणि साहेबांच्या मागे गेले.

गल्लीला पत्रा मिळाला, पाच माणसांना पाच माणसांचा. पुढे दोघं वाढले. आज माझ्या दुकानावर सात घरं जेवतात. वामनरावांच्या नावापुढे कामात कुचराईचा शेरा बसला, ते कायम झाले नाहीत, आणि त्यांना देवासला आवक-जावकच्या टेबलावर धाडलं. दिवसभर पाकिटांना शिक्के मारायचे. मोजणीच्या कामावर त्यांना पुन्हा कोणी पाठवलं नाही.

मी वर्षातून दोन-तीनदा जायचो. टेकडीच्या पायथ्याशी भाड्याची दीड खोली होती. पहिल्या खेपेला मी त्यांच्यासाठी एक पेटी नेली, मनापासून केलेली, कोपरे दुमडून त्यावर पट्टी मारलेली. त्यांनी ती चारी बाजूंनी बघितली आणि बायकोला, म्हणजे काकूंना, म्हणाले, बघ, सरकारी पत्र्याची आहे. थट्टा करायचे ते. देवासमध्ये थोरली पाती आणि धाकटी पाती, एका गावात दोन राजे होऊन गेलेले, तेव्हा म्हणायचे, "इथले लोक तुमच्याहून पक्के. किती माणसं विचारलं की आधी विचारतात, कुठल्या पातीसाठी?" पण एकदा टोंकखुर्दच्या लोहारांचा विषय निघाला. खात्यातली नवीन पोरं तिकडे फॉर्म भरून आली होती आणि म्हणे तिथे लोहारच उरले नाहीत. वामनरावांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, भाते झाकून ठेवले असतील रे. दाराबाहेरची राख बघायची असते. हे कोणी मला विचारतच नाही.

गेल्या दिवाळीनंतर गेलो तेव्हा ते अंथरुणाला लागले होते. मी खिशात एक अर्ज नेला होता, खात्याला लिहिलेला, सगळं खरं. त्यांनी चष्मा मागून घेतला आणि पूर्ण वाचला. एके ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं. मग घडी करून माझ्या हातात ठेवला. म्हणाले, "हे तू मला बरं वाटावं म्हणून लिहिलंस की तुला?" मी ती घडी पुन्हा उलगडली. म्हणाले, "परमिटाची तपासणी अजून होते. सात घरं आहेत. राहू दे." आणि मी राहू दिलं. तेव्हा मला वाटलं, आपण त्यांचा शब्द पाळतोय. परतीच्या गाडीत इंदूरपर्यंत येता येता माझ्या लक्षात आलं की मला सुटल्यासारखं वाटत होतं.

बातमी कळली त्या दिवशी चारच्या गाडीने त्यांच्या घरी गेलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. कचेरीतले दोघं सतरंजीवर बसले होते. त्यातला एक दुसऱ्याला सांगत होता, तोही वाईट बुद्धीने नाही, की माणूस देव होता, पण धारला त्यांनी न बघताच आकडे भरले म्हणे, नाहीतर वर गेले असते. काकू आतल्या दारात होत्या. ते दोघं गेल्यावर त्या बाहेर आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. त्यांच्यामागे ती पेटी होती, वर घडी केलेलं धोतर आणि चष्मा. म्हणाल्या, "तुम्ही तर धारचेच, सखाराम. मी त्यांना कधी विचारलं नाही. ते घरातली डाळसुद्धा दोनदा निवडायला लावायचे. ते खरंच दुकानांत गेले नव्हते का हो?"

मी मान खाली घातली. गाडीची वेळ झाली असं काहीतरी म्हणालो आणि निघालो. म्हणजे तिसऱ्यांदा खोटं बोललो, या वेळी न बोलता.

धारला आल्यावर बाबूलालला सगळं सांगितलं. त्याने त्या पहिल्या दुपारी मागच्या भिंतीआडून ऐकलंच होतं; इतकी वर्षं तोही गप्प होता. मी म्हणालो, हे छापून आलं तर परमिट जाईल, कदाचित गल्लीचंही. त्याने बाकीच्यांना बोलावलं, ते आपसांत बोलले, एकजण रागाने उठून गेला आणि तासाने परत आला. शेवटी बाबूलाल म्हणाला, "लिख दो, भिया. भूखे हम पहले भी बैठ चुके हैं." मला अजून भीती वाटते. हे लिहितानाही दोनदा कागद बाजूला ठेवला.

माठाच्या फळीवर आता आठ पेले आहेत. सात काम करणाऱ्यांचे, माझा नवा धरून. माझा जुना पेला, ज्याच्या कानाला खूण म्हणून एक चीर होती, त्यातून मी त्या दिवसानंतर पाणी प्यायलो नाही. तो धुऊन ओळीच्या शेवटी पालथा असतो, आणि मी माझ्यासाठी दुसरा केला. नवीन कारागीर विचारतात, ये किसका है? आजवर मी सांगत होतो, कोणाचा नाही.

काकू, ते आले होते. दुपारी आले होते, जोडा काढून आत आले होते. त्यांनी मला दोनदा विचारलं होतं, आणि पेले बरोबर मोजले होते.